हो

सारंगखेड्याच्या पुलावर, सकाळी पावणेआठला,
माझ्या पिकअपमध्ये सोळा क्विंटल पपई
आणि पुढे, बरोबर मधोमध,
उम्मेदसिंगची घोडी थांबली.

गोफण तिचं नाव.
यात्रेतून आणली तेव्हा पाठीवर हात ठेवू देत नव्हती.
थांब म्हटलं की पळायची,
पळ म्हटलं की माती हुंगत बसायची.
उम्मेदसिंगने दोन हिवाळे नदीच्या वाळूत घालवले
आणि तिला दोनच शब्द शिकवले.
हो म्हणजे थांब.
चल म्हणजे चल.
बाकीचं, तो म्हणायचा, मांड्या सांगतात.

आम्ही घरात 'हाव' म्हणतो.
आईला हाव, देवाला हाव,
उधारी मागायला आलेल्यालाही हाव.
'हो' आम्ही फक्त जनावरांना म्हणतो
आणि पुण्याच्या माणसांना.

त्या सकाळी फोन पुण्याचा होता.
नवरदेवाचा मामा की कोण.
वरातीला घोडी हवी, झूल तुमची की आमची,
फटाक्यांना बिचकते का.
उम्मेदसिंगने लगाम करंगळीत अडकवला,
छाती काढली,
आणि शाळेतल्या मराठीत म्हणाला,
'हो.'

चारही पाय जागच्या जागी.
खाली तापी, मागे मी,
माझ्यामागे शहाद्याची एसटी.

'हो, हो. अगदी हो.'

थांबलेली घोडी आणखी थांबते
हे मी त्या दिवशी पाहिलं.
मान ताठ, नुसती कातडी थरथरते,
मालक तीन-तीनदा सांगतोय म्हणजे
पुढे खड्डा असणारच.

ब्रेक दाबला. पपया पुढे आल्या, मागे गेल्या.
बंपर आणि शेपूट यांच्यात
एक वीत असेल. दोन नाही.

मी खिडकीतून आईबहीण काढली.
त्याने हात वर करून 'एक मिनिट' दाखवलं,
मला, घोडीला नाही,
आणि फोनला अदबीने म्हणाला,
'चला, ठेवतो मग.'

घोडीला आदरार्थी बहुवचन कळत नाही.
ती निघाली.
उम्मेदसिंग मागे कलंडला, टोपी नदीत गेली,
आयाळ हाती लागली म्हणून तो वर राहिला.
फोन मात्र सुटला नाही हातातून.

टपरीवर दोन दिवस हाच विषय.
हिलाल आप्पा म्हणाले, मोटारसायकल आंधळी असते,
घोडीला दोन डोळे आहेत, बोलू द्या की त्याला.
हवालदार म्हणाला, पावती फाडतो,
नंबरप्लेट कुठे आहे तेवढं दाखवा.
पोरं म्हणाली, घोड्यावर हेल्मेट, घोड्यावर इंडिकेटर,
आणि हसत राहिली.
ग्लास विसळता विसळता सखूबाई म्हणाली,
आपल्या पाठीवर बसून हा दुसऱ्याशी बोलतोय,
हे तिला कळत नसेल का?
कोणीतरी साखर मागितली.

मला विचाराल तर
मी सांगणारा कोण.
खोटं कशाला बोलू, ब्रेक दाबला तेव्हा
माझ्याही कानाला फोन होता.
सुरतेचा व्यापारी किलोमागे दीड रुपया पाडत होता
आणि मीही त्याला हो हो करत होतो.
पण माझी पिकअप हो म्हटल्याने थांबत नाही.
ती कोणाचंच ऐकत नाही.
ऐकणारं जनावर उम्मेदसिंगच्या खाली होतं,
म्हणून मी आज हे सांगतोय.

आता मी फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो.
बहुतेक वेळा.
उम्मेदसिंगने फोन सोडला नाही,
तो आता पुण्यालाही हाव म्हणतो.

परवा दोंडाईच्याच्या रस्त्याला दिसला, बोलतच होता.
मी हॉर्न न वाजवता बाजूने काढली गाडी.
गोफण एक कान पुढे, एक कान मागे ठेवून चालत होती,
त्या एवढ्या बोलण्यात
आपल्यासाठी काही आहे का
ऐकत.